सुनंदाचा वृक्षनेचा

बोईसर

बोईसरला उतरले तेव्हा माझ्याकडे पत्ता एकच होता, वसंतरावांच्या फ्लॅटचा. ज्या झाडासाठी मी कोल्हापूरहून एवढ्या लांब आले होते, त्याचा पत्ता सांगू शकणारं माणूस मे महिन्यात गेलं होतं.

ते माणूस म्हणजे सुनंदा. एम.एस्सी.ला आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. दोघींचा विषय एकच, नेचे. नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके येतात, त्यातून धूळ उडते आणि ती धूळ ओल मिळेल तिथे रुजते. बहुतेक नेचे गुडघ्याएवढेच राहतात. पण एक जात अशी आहे की तिला माडासारखं खोड येतं आणि माथ्यावर लांबच लांब पानांची छत्री उघडते. तो वृक्षनेचा. आपल्याकडे तो भेटलाच तर दक्षिणेकडच्या सह्याद्रीत, जिथे घळीत बारा महिने पाणी झिरपतं तिथे.

शिक्षण झालं आणि मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. सुनंदाचं लग्न झालं. नवरा वसंतराव तारापूरच्या वीज केंद्रात, म्हणून ती तिथल्या वसाहतीत राहायला गेली. दोनेक वर्षांनी तिचं पत्र आलं. बोईसरच्या पूर्वेच्या डोंगरात एका घळीत आपल्याला वृक्षनेचा सापडलाय, तू ये, असं तिने लिहिलं होतं.

मी गेले नाही. उत्तर लिहिलं. ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. ‘तिकडे आठ महिने कोरडे असतात. वृक्षनेचा असूच शकत नाही. तू भेरली माड पाहिला असशील. संसारात पडलं की डोळ्यांची सवय मोडते.’ शेवटचं वाक्य मला तेव्हा फार चांगलं जमलंय असं वाटलं होतं.

त्यावर तिचं उत्तर आलं नाही. पुढे इतकी वर्षं दिवाळीला कार्ड यायचं, दोन ओळींचं. एकदा एका लग्नात भेटलो. तिने माझ्या आईची चौकशी केली, मी तिच्या नवऱ्याची. नेच्यांचं नाव दोघींनीही काढलं नाही.

पावसाळ्यात वसंतरावांचं पार्सल आलं. सोबत चिठ्ठी होती, ‘सुनंदा मे महिन्यात गेली. या गठ्ठ्यावर तुमचं नाव होतं म्हणून पाठवतो.’ आत दाबून वाळवलेल्या पानांचे तुकडे होते, प्रत्येक वर्षाचा एक, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. प्रत्येकाबरोबर तिच्या अक्षरात एक कपटा. ‘मे. पाने नऊ.’ ‘मे. पाने सात.’ बाकी काही नाही. मी भिंग काढलं. काळा चकचकीत देठ, शिरेच्या दोन्ही बाजूंना गोल ठिपक्यांच्या रांगा. ओळखायला दोन मिनिटंही लागली नाहीत. भिंग ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथे नुसतीच उभी राहिले. घरात मी एकटीच असते. हे ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं, ते नव्हतं.

म्हणून दसरा झाल्यावर निघाले.

वसंतराव उंच, वाळलेले, हळू बोलणारे गृहस्थ. निवृत्त झाल्यावर वसाहतीतलं घर सोडून ते दोघं बोईसरला फ्लॅटमध्ये आले होते. त्यांनी मला जेवायला बसवलं. वरण, भात आणि दुकानातून आणलेल्या पोळ्या.

“मला एवढंच येतं, कुंदाताई,” ते म्हणाले.

“सुनंदा कुठे जायची डोंगरात? कोणत्या बाजूला?”

“होळीपासून पाऊस लागेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी जायची. फिरून येते म्हणायची. चिल्हारच्या रस्त्याने रिक्षा धरायची, एवढं माहीत आहे.” त्यांनी मला आणखी भात वाढला. “मी विचारलं नाही कधी. आधी शिफ्ट असायच्या. नंतर विचारायचं राहूनच गेलं.”

चुकीची घळ

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिल्हारच्या रस्त्याने शेअर रिक्षा धरली. बाकीच्या सीटवर कारखान्यातून रात्रपाळी करून परतणारे तिघं झोपलेले होते. नकाशात मी तीन घळी हेरून ठेवल्या होत्या. पहिलीच्या पायथ्याशी रिक्षावाल्याने मला उतरवलं आणि म्हणाला, “मॅडम, अंदर अकेले जाओगे?” मी हो म्हटलं. त्याने खांदे उडवले आणि रिक्षा वळवली.

आमच्याकडे ऑक्टोबरात डोंगर ओलाच असतो. इथे गवत पिवळं पडायला लागलं होतं. सागाची पानं किडीने जाळीदार झाली होती. ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं. दीड तास चढल्यावर घळीच्या वरच्या अंगाला, दोन कड्यांच्या मधे, मला तो दिसला. सरळ काळपट खोड आणि वर झुकलेल्या पानांचा घुमट. मी धावले म्हणायला हरकत नाही. साठीच्या बाईला जितकं धावता येतं तितकं.

जवळ गेले तर भेरली माड.

माशाच्या शेपटासारख्या पानांचा, लांबून वृक्षनेच्यासारखा दिसणारा, चांगला वाढलेला भेरली माड. मी त्याच्याखाली दगडावर बसले. सुनंदाला जे लिहिलं होतं, ते माझ्याच बाबतीत घडलं होतं, आणि तिला तर तसं काही झालंच नव्हतं. उतरताना बुटाचा तळवा निघाला. रुमालाने तो पायाला बांधून, फरफटत मी रस्त्यापर्यंत आले. वाटेत एक माणूस भेटला नाही.

संध्याकाळी वसंतरावांनी माझा बूट पाहिला. स्वतः जाऊन चिकटवून आणला. बूट माझ्या पुढ्यात ठेवताना त्यांना काहीतरी आठवलं.

“डोंगरात जायच्या आदल्या दिवशी ती कधीकधी मुरब्याला जायची. सुके बोंबील आणायला.”

“मग?”

“आमच्या घरात मासे कोणी खात नाही.”

मुरबे

मुरब्याला समुद्राआधी वास येतो. आमच्या कोल्हापुरात सुकट म्हणजे बाजारातल्या टोपलीत दिसणारी वस्तू. ती कुठून येते याचा विचार मी कधी केला नव्हता. इथे वाळूवर बांबूंचे उंच मांडव होते आणि त्यांच्या दोऱ्यांवर बोंबील जोडीजोडीने, तोंडात तोंड अडकवून, हजारांनी लटकत होते. वारा आला की सगळी रांग एकदम हलायची.

मी तीन-चार जणींना विचारलं. उंच, चष्म्याची, कॉलनीतली बाई, सुके बोंबील न्यायची. चौथीने हात थांबवला. भानुबाय नाव तिचं. साठ-पासष्टची, नेसूचं लुगडं घट्ट खोचलेलं.

“सुनंदाबाय ना? ती यंदा दिसलीच नाय. बरी हाय ना?”

मी सांगितलं. भानुबायने हातातले बोंबील खाली टोपलीत ठेवले, हात पदराला पुसले आणि मला बसायला उलटं घमेलं दिलं.

“लय वर्सं येयाची. बोलायची कमी. दर येळेला अर्धे आपल्या पिशवीत, अर्धे येगळ्या पुडीत. मी इचारलं, दोन घरं हायेत का गो तुजी? तं हसली. बोलली, एक माजी जानी हाय डोंगरात, तिला आवडतात.”

“कोणत्या गावची जानी, सांगितलं कधी?”

भानुबायने पाड्याचं नाव सांगितलं. ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. झाडाचा पत्ता जितक्या कमी लोकांना ठाऊक असेल तितकं बरं.

“तुमी एकट्याच फिरता?” तिने विचारलं.

“हो.”

“घरी कोन?”

“कोणी नाही.”

तिने बोंबलांची एक पुडी बांधून माझ्या हातात दिली. “जानीला द्या. सांगा, मुरब्याच्या भानुबायनं दिले.”

पाडा

पाडा म्हणजे टेकडीच्या उतारावर पंधरा-वीस घरं. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या. खाली खाचरांत भाताची कापणी चालली होती, वरच्या बाजूला नागली, म्हणजे आमची नाचणी, अजून उभी होती. जानी शेतातच सापडली. चाळिशीची, काटक, हातात विळा. मी सुनंदाचं नाव घेताच ती सरळ उभी राहिली आणि माझ्यामागे रस्त्याकडे बघायला लागली. मागून सुनंदा येत असेल असं तिला वाटलं असावं.

“ती नाही आली,” मी म्हटलं. “ती गेली, जानी. मे महिन्यात.”

तिला आधी कळलं नाही. “कुटं गेली?”

मग तिला कळलं. ती बांधावर बसली. विळ्याच्या टोकाने माती उकरत राहिली. शेजारच्या शेतातून कोणीतरी हाक मारली, तिने ओ दिली नाही.

“मला वाटलं ती रागावली,” ती म्हणाली. “माजी सासू होती तवर दोघी मिळून पानी घालत. सासू मेल्यावर मी. गेल्या साली धन्याचा पाय मोडला, मंग मलाच भट्टीवर जावं लागलं इटा पाडायला. बायला सांगून गेले. ती बोलली, जा, मी बगते. मे सरता सरता आले, तं झाड सुकत आलेलं. बाय आलीच नव्हती. मला वाटलं, मी गेले म्हनून रागानं सोडली तिनं वाट.”

“ती आजारी होती. अंथरुणाला खिळून होती.”

“हां,” जानी म्हणाली. एवढंच.

तिने मला घरी नेलं. भानुबायचे बोंबील निखाऱ्यावर भाजून, लाल मिरचीबरोबर ठेचून नागलीच्या भाकरीवर दिले. आमची भाकरी ज्वारीची, पांढरी, पातळ. ही काळी आणि जाड, पण भूक होती आणि जेवण चांगलं होतं. जानीचा नवरा ओट्यावर पाय पसरून बसला होता. त्याने मला विचारलं, “तुमी तिच्या कोन?”

“मैत्रीण,” मी म्हटलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. दुसरा शब्द माझ्याजवळ नव्हता, आणि तोही खरा आहे की नाही, याची मला खात्री नव्हती.

घळ

पाड्यापासून तासभराची चढण. जानी पुढे, अनवाणी. मी मागे, चिकटवलेल्या बुटांत. माझ्या नकाशावरच्या तिन्ही घळींत ही नव्हतीच. डोंगराला पडलेली ती एक चीर होती, बाहेरून दिसतसुद्धा नव्हती. आत शिरल्यावर हवा एकदम गार झाली. दोन्ही बाजूंच्या काळ्या खडकांवरून पाणी पाझरत होतं आणि त्यावर आमचे नेहमीचे छोटे नेचे होते, हंसराज वगैरे. जानी थांबली आणि बाजूला झाली.

तो उभा होता.

खोड माझ्या डोक्यापेक्षा हातभर उंच. काळं, मुळांच्या धाग्यांनी खालपासून वेढलेलं. गळून गेलेल्या पानांच्या लंबगोल खुणा त्यावर एकावर एक चढत गेलेल्या. वरचा वीतभर भाग मात्र खालच्यापेक्षा बारीक. वृक्षनेच्याला वाईट वर्ष आलं की खोड तिथे आवळतं आणि ते पुढे कधीच भरून येत नाही. माथ्यावर दोनच पानं होती. एकाचं टोक वाळलेलं. आणि दोहोंच्या मधे, तपकिरी खवल्यांनी झाकलेली, शंखासारखी आत वळलेली एक नवी गुंडाळी.

मी पानाची पाठ उलटून पाहिली. भिंगाची गरज नव्हती, तरी लावलं. मग एक तासभर मी घळीत त्याची पिल्लं शोधली. खडकाच्या प्रत्येक ओल्या भेगेत, मुळांच्या आड, पाण्याच्या कडेला. एकही नव्हतं. केव्हातरी वाऱ्यावर दक्षिणेकडून धुळीचा एक कण आला असेल आणि इथे रुजला असेल. त्याच्या जातीचं पुढचं झाड किती दिवसांच्या वाटेवर असेल, मला सांगता येणार नाही.

“सुनंदाबाय बोलायची, याचं हितं कोन नाय,” जानी म्हणाली. ती वरच्या खडकावर जाऊन बसली होती. “आदी झरा बारमाही होता. आता होळी झाली का आटतो. मंग खाली ओढ्याच्या वाळूत खड्डा उकरायचा, डवरा, आनि हंड्यानं पानी आनायचं. डवरा पन आटला का बाय बोईसरवरनं कॅन आनायची.”

“मुळाशी घालायची पाणी?”

“नाय. हितनं. डोक्यावरनं.” तिने खडकावरून ओतायची खूण करून दाखवली. “बाय सांगायची, याला पोराला न्हाऊ घालतात तसं घालायचं, शेंड्यापासनं.”

बरोबर होतं. वृक्षनेच्याची मुळं खोडभर असतात. पाणी शेंड्यापासून द्यावं लागतं. हे पुस्तकात मी शिकवत आले होते. सुनंदाने ते पंचवीसहून जास्त उन्हाळे केलं होतं.

“तुझं बरोबर होतं,” मी झाडाकडे बघून म्हटलं. मोठ्याने म्हणायचं नव्हतं, पण निघून गेलं. जानीने ऐकलं.

परत निघताना ती म्हणाली, “दिवाळी झाली का आमी जाऊ भट्टीवर. अवंदा दोगंपन. मंग याचं?”

मी सगळी उतरण पायांकडे बघत उतरले.

पुन्हा बोईसर

दुसऱ्या दिवशी दुपारी वसंतरावांना सगळं सांगितलं. घळ, खोड, दोन पानं, डोक्यावरून घालायचं पाणी. माझं जुनं पत्रही सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. त्यांनी ते शांतपणे ऐकलं. त्याबद्दल सुनंदा त्यांच्याशी कधी बोलली नव्हती.

“खरंच झाड आहे तिथे?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

ते उठले आणि गॅलरीच्या दारात जाऊन उभे राहिले. कठड्याला कुंड्या होत्या. तुळस, मोगरा, एक शेवंती. हिरव्यागार.

“शेवटचे दोन महिने तिला बोलायला त्रास व्हायचा,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “एकच म्हणायची. झाडाला पाणी घाला. झाडाला पाणी घातलं का? मी म्हणायचो, घातलं गं. दिवसातून चार वेळा घालायचो मी या कुंड्यांना. आत जाऊन तिला दाखवायचो ओला हात. ती माझ्याकडे बघायची आणि पुन्हा तेच म्हणायची.”

खाली रस्त्यावरून कारखान्यांच्या बस जात होत्या. ते आत येऊन खुर्चीवर बसले.

“किती चढायचं आहे?”

“पाड्यापासून तासभर. चढ कठीण आहे.”

“माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय,” ते म्हणाले. “दोन्ही.”

मग त्यांनी चहा केला. तो पिऊन मी स्टेशनवर गेले.

सरावली

हे मी बोईसरजवळच्या सरावलीत बसून लिहिते आहे. होळीनंतर मी परत आले आणि इथे एक खोली भाड्याने घेतली. कोल्हापूरच्या शेजारणीला मी कारण सांगितलं तेव्हा तिला वाटलं, माझं काहीतरी बिनसलंय. चाळीत सगळे बाहेरगावचे कामगार. दिवसा अर्धे झोपलेले, रात्री अर्धे कामावर. नळाशी हिंदीत जेवढं बोलणं होतं तेवढंच. कधीकधी दोन दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. मग मोठ्याने काहीतरी वाचते.

दर तिसऱ्या दिवशी सकाळी वसंतराव रिक्षा घेऊन दाराशी येतात. मागे पाच-पाच लिटरचे चार कॅन. त्यांनी ते आधीच भरून, झाकणाखाली प्लास्टिक लावून ठेवलेले असतात. वाटेत आम्ही फार बोलत नाही. पाड्यात निम्मी घरं बंद आहेत. जानीच्या दाराला कुलूप आहे, ती आणि नवरा भट्टीवर. आम्ही तिच्या ओट्यावर कॅन उतरवतो. मी दोन उचलते आणि चढते. ते ओट्यावर सावलीला बसतात.

वरती आता ओढा कोरडा आहे. खडक हाताला तापलेले लागतात, घळीच्या आत मात्र अजून थोडा गारवा टिकून आहे. मी वरच्या खडकावर चढते आणि सावकाश, धार तुटू न देता, शेंड्यावर पाणी ओतते. ते खोडाच्या धाग्यांत मुरत खाली जातं. घाई केली तर वाया जातं, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. मग खाली येऊन उरलेले दोन कॅन नेते. दुसऱ्या फेरीला मधे एका दगडावर बसावं लागतं. ऑक्टोबरातल्या दोन पानांपैकी एक वाळून गेलं. ती गुंडाळी उलगडली आहे, तिचं पान लहान आहे. पाऊस लागेपर्यंत काय होईल, ते मला माहीत नाही. दुसऱ्या कोणालाही माहीत नसणार.

काल दुसरी फेरी करून उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पाड्यात आवाज नव्हता. वसंतराव बंद दाराला पाठ टेकून बसले होते. मला बघून ते ओट्याचा खांब धरून उभे राहिले. दर वेळी राहतात.

“आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

त्यांनी माझ्या हातातले रिकामे कॅन घेतले आणि आम्ही रिक्षाकडे चालू लागलो.